पोटरीतली गुठळी आणि दूध संस्थेचा चेअरमन

ज्या वर्षी गावात थेंबभर दूध नव्हतं, त्याच वर्षी दूध संस्थेच्या चेअरमनच्या निवडीपायी मी मरता मरता वाचलो. हे मीच लिहून ठेवलेलं बरं. गावात याच्या चार निराळ्या हकिकती चालू आहेत आणि चारींमध्ये लबाड मीच आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथीत दोन वर्षं बसलो. पण खरं काय घडलं ते लिहायला तेवढी पुरते.

दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. आमचं गाव केज तालुक्यात, बाजार युसूफ वडगावचा. बोअर आटले होते. जनावरं चारा छावणीत नेऊन बांधली होती आणि माणसं टँकरच्या मागं पळत होती. ज्यांच्या मनगटात कोयता धरायची ताकद होती ते ऊसतोडीला गेले. छावणीत गाई होत्या, पण उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या नुसत्या पाल्यावर, जगवलेली गाय दूध देत नाही, नुसती आपल्याकडं बघत राहते. संस्थेच्या खोलीत फॅट काढायच्या मशीनवर फडकं टाकलेलं होतं. एक कॅन आडवा पडला होता, त्यात कुणाची तरी कोंबडी अंडी घालून जायची. त्या वर्षी संस्थेत जमा झालं ते तेवढंच.

हॉटेलात काळा चहा पिता पिता एकानं विचारलं, "दूधच न्हाई तर चेअरमन कशाचा करता बे?"

आमच्या पॅनलचे पुढारी तिथंच बसले होते. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. ते म्हणाले, "दूध यील तवा यील. खुर्ची आत्ता रिकामी हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला लिहू. मी संचालक होतो आणि संचालक म्हणून घ्यायला मला लई आवडायचं.

आम्ही अकरा संचालक. आप्पा धरून सहा आमचे, पाच त्यांचे. आमच्यातला एक फुटला तर हार, एक नुसता गैरहजर राहिला तरी बरोबरी. म्हणून आप्पांनी रीतीप्रमाणे आम्हाला उचललं. आमच्याकडं ही रीतच पडली आहे. निवडीच्या आधी आपले संचालक गाडीत घालून लांब न्यायचे, समोरच्यांच्या हाती लागू नयेत म्हणून फिरवत ठेवायचे, आणि निवडीच्या दिवशी आणून हात वर करायला लावायचे. याला सहल म्हणतात. जनावरं छावणीत आणि संचालक सहलीला, दोघंही दावणीलाच. फक्त जनावरांना उठता-बसता येत होतं.

आमच्या सहांत दोन बाया होत्या, राखीव जागेवरच्या. मत बायांचं, पण सहलीला आले त्यांचे नवरे. बाया गावातच राहिल्या, डोक्यावर घागरी घेऊन. त्या फुटतील अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही. त्यांना फुटायला सवड कुठं होती?

जीप आठ माणसांची, बसलो अकरा. पुढं ड्रायव्हर आणि आप्पा, कारण आप्पांना पाय लांब करायला जागा लागते. मधे दोन नवरे, दोन संचालक आणि आप्पांचा एक माणूस. सगळ्यात मागं आडव्या फळीवर मी, तिघं पहारेकरी आणि पाण्याचा मोठा जार. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. वयानं मीच सगळ्यात मोठा. पण आप्पा म्हणाले, "आबा, तुमी जुनं हाड. तुमाला काय व्हतंय? बसा मागं." एवढ्यावर मी फुगलो आणि जाऊन बसलो. म्हाताऱ्याला फुगवायला काही फार लागत नाही.

आष्टीच्या पुढं गाडी पहिल्यांदा थांबली. मी लघवीला म्हणून बाभळीआड गेलो, तर दोन गडी माझ्या मागोमाग. एक डावीकडं उभा, एक उजवीकडं.

"कावून रे?" मी विचारलं.

"आप्पांनी सांगितलंय, कुनाला येकट्याला सोडू नगा म्हनून."

"मी काय इथनं पळून जानार हाय का?"

"तसं न्हाई आबा. पन तिकडची गाडी आली आन तुमाला घिऊन गेली तर?"

नातवंडं झालेल्या माणसानं दोघांच्या पहाऱ्यात मुतायचं! मी तसाच मागं फिरलो, जीपमध्ये चढलो आणि जाहीर केलं, "आता मी निवडीपस्तोर उतरनारच न्हाई." उतरायचं नाही तर पाणीही प्यायचं नाही, ही तोड माझी मीच काढली. पाण्याचा जार माझ्या मांडीला खेटून होता. मी त्याला हात लावला नाही. दुष्काळात तशी सवय होतीच, दोन घोटांवर दिवस काढायचा. इथं फक्त पाणी असून प्यायलो नाही. याला मी त्या वेळी करारीपणा म्हणत होतो.

सगळा दिवस गाडी चालली. कोकणात समुद्रापाशी पोचलो तेव्हा सगळे धडाधड उतरले. दुष्काळातली माणसं, एवढं पाणी बघून येड्यासारखी झाली. दोन नवऱ्यांपैकी एक म्हणाला, "ह्यातलं चार टँकर आपल्याकडं नेलं तर?"

"खारं हाय बे ते."

"जनावरांना पाजू."

"तुझ्या बायकूला सांग, ती डोक्यावर आनंल."

मला हाका मारत होते, "आबा, उतरा की! समुद्र हाय!"

"काचेतनं दिसायलाय," मी म्हणालो. आयुष्यात एकदाच समुद्र बघितला, तोही मळक्या काचेतून आणि एका पहारेकऱ्याच्या कानामागून.

पुढचे तीन दिवस असेच गेले. कुठंतरी टेकलो की आप्पांचा फोन वाजायचा, तिकडची माणसं मागावर आहेत म्हणून. मग परत जीप, परत रस्ता. ती माणसं मागावर वगैरे काही नव्हती, ती त्यांच्या पाच संचालकांना घेऊन दुसऱ्याच दिशेला, देवदर्शनाला गेली होती, हे नंतर कळलं. आम्ही त्यांच्या भीतीनं पळत होतो आणि ते आमच्या. अजिबात न उतरणं काही जमलं नाही, पण नेमानं म्हणजे नेमानं दिवसातनं एकदाच उतरायचो, मुक्कामाला, आणि दोन घोट पाणी तेव्हाच. बाकी गुडघे दुमडून बसलेला. तिसऱ्या दिवशी डाव्या पोटरीत पिळल्यासारखं व्हायला लागलं. कुणी ओलं धोतर पिळावं तसं. मी बोललो नाही. बोललो असतो तर करारीपणाचं काय झालं असतं?

एक पहारेकरी सगळ्यांना सांगत होता, "आबाला मानलं पायजे. सकाळपून हालले न्हाईत." गाडीतले सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते, आणि माझ्या पोटरीत रक्ताचं दही लागत होतं.

चौथ्या दिवशी फोन आला की निवड दोन दिवस पुढं गेली. निवडणूक अधिकाऱ्याला टँकरच्या ड्युटीवर लावलं होतं. पाण्यापुढं चेअरमन थांबला, तेवढी एक शहाणपणाची गोष्ट त्या आठवड्यात झाली. आप्पांनी आम्हाला गावात आणलं, घरोघर सोडलं आणि प्रत्येकाच्या दारात एकेक माणूस बसवला. माझ्या दारात बसला तो एक पैलवान. मान नव्हतीच त्याला, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं.

बायकोनं माझा पाय बघितला. डावी पोटरी उजवीच्या दीडपट झाली होती. कातडी ताणून चकाकत होती, आणि हात लावला तर तव्यासारखी गरम.

"आवो, ह्यो येकच पाय सुजलाय," ती म्हणाली. "दोनी सुजलं आसतं तर मी म्हनलं आसतं, बसून बसून आलंय. येकच कावून?"

"दुसरा मागनं सुजंल."

"चला दवाखान्यात."

"निवड झाल्यावर."

"तवर पाय थांबंल का?"

चार बुकं शिकलेला मी, आणि ती अंगठा लावणारी. तिनं पाय बघून जे ओळखलं ते मला चार दिवस पाय घेऊन बसूनही कळलं नव्हतं, हे त्या वेळी मला पटणं शक्यच नव्हतं. मी चोळणाऱ्याला बोलावलं.

हा चोळणारा माझ्याच वयाचा, माझ्या गल्लीतला. कुणाचा पाय मुरगळला, कंबर धरली, मान आखडली की त्याच्याकडं जायचं. करडईचं तेल गरम करतो आणि अंगठ्यानं असं रगडतो की दुखणं राहिलं बाजूला, माणूसच पळून जातो. त्यानं माझी पोटरी दाबून बघितली आणि सांगितलं, "शीर चढलीय." मग घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दोन्ही अंगठ्यांनी वर वर ओढत रगडली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी हूं की चूं केलं नाही.

"दुखत न्हाई?" त्यानं विचारलं.

"बिलकूल न्हाई."

"मंग आनखी जोर लावतो."

दोन म्हातारे, एक रगडतोय, दुसरा हसतोय. बायको चुलीपाशी बसून आमच्याकडं बघत होती. छावणीतल्या गाईसारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजेवरनं उठलो आणि रांजणापर्यंत गेलो. दहा पावलं. परत येताना छातीत उजव्या बाजूला सुरी खुपसल्यासारखं झालं. श्वास घ्यायला गेलो की सुरी आणखी आत. दम लागला, असा की दोन एकर नांगरून आल्यावरही लागला नसेल. अंगाला घाम सुटला, ओठ कोरडे पडले. खोकलो तर थुंकीत रक्ताची तार. मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसलो. जन्मात पहिल्यांदा वाटलं, की आता संपलं. आणि मला वाटलं ते फारसं चुकीचं नव्हतं, हे संध्याकाळी कळलं.

पैलवान उठून उभा राहिला. माझ्याकडं बघितलं. फोन काढला आणि आप्पांना सांगायला लागला, "आप्पा, आबा दम लागल्यालं सोंग करायलेत. दवाखान्यात जायाचं म्हनत्याल आता."

आप्पा फोनमधून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण पैलवान दारात आडवा उभा राहिला.

"आबा, आसं करू नगा. उद्यापस्तोर येक दिस कळ काढा."

बायको म्हणाली, "आरं, मरायलाय ह्यो मानूस!"

"मावशे, मागल्या खेपंला एकजन आसाच मरायला लागला व्हता. दवाखान्यात म्हनून गेला आन दुसऱ्या दिशी तिकडं हात वर केला."

मला बोलायचं होतं. पण बोलायला हवा लागते आणि ती माझ्याकडं नव्हती. निष्ठा दाखवायला चार दिवस मूत दाबून बसलो, आणि माझी निष्ठा एवढीच, की मी मरतानासुद्धा फुटत असेन!

बायकोनं पैलवानाला हातानं बाजूला सारलं. ती हाडकुळी बाई आणि तो दरवाजाएवढा. पण तो सरकला, कारण आईच्या वयाच्या बाईला हात लावायचा कसा, हे आप्पांनी सांगितलं नव्हतं. गल्लीतून छावणीचा पिकअप चालला होता, वाढे भरलेला. चालवणारा कोण? समोरच्या पॅनलचा संचालक. तिनं गाडीपुढं उभं राहून गाडी थांबवली. तो माणूस उतरला, त्यानं मला बघितलं, एक अक्षर विचारलं नाही. वाढ्यावर मला आडवा केला. पैलवानही उडी मारून चढला आणि माझ्या पायाशी बसला. असा मी विरोधी पार्टीच्या गाडीतून, जनावरांच्या चाऱ्यावर, आमच्या पार्टीच्या पहाऱ्यात, मोठ्या सरकारी दवाखान्यात निघालो. अख्ख्या गल्लीनं हे बघितलं. माझी इज्जत तिथंच गेली, पण त्या क्षणी मला इज्जतीपेक्षा हवा पाहिजे होती.

दवाखान्यात नाकाला नळी लावली, छातीला चिमटे लावले, पायावरनं गार मशीन फिरवलं. मग एका गोल बोगद्यात घातलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. पोरसवदा. आमच्या शेजारच्या गावच्या, बौद्धवस्तीतल्या. मी ठरवलं होतं, की ही शहरी बोलायला लागली की आपल्याला कळत नाही म्हणून डोळे मिटून घ्यायचे. पण ती आमच्याच बोलीत बोलली.

"आबा, पाय चोळला कावून?"

"शीर चढली व्हती."

"शीर चढली नव्हती. शिरंत रक्ताची गुठळी झाली व्हती. तुमी तिला रगडून रगडून वर धाडली. तिचा तुकडा तुटला, काळजातनं गेला आन फुप्फुसात जाऊन आडकला. आनखी थोडा मोठा आसता तर आज मी तुमच्या मालकिणीशी बोलत बसले आसते, तुमच्याशी न्हाई."

मग तिनं समजावून सांगितलं आणि मला ते विहिरीच्या मोटारीसारखं कळलं. पायातलं रक्त वर चढायचं असतं, आणि त्याला ढकलते ती पोटरी. माणूस चालतो तेव्हा पोटरी शिरेला पिळते आणि रक्त वर जातं. शिरेत जागोजागी झडपा असतात, मोटारीच्या फुटवॉलसारख्या, रक्त खाली पडू नये म्हणून. माणूस गुडघे दुमडून दिवसभर बसला की मोटार बंद. रक्त साचतं. त्यात पाणी प्यायलं नाही तर घट्ट होतं. साचलेलं, घट्ट, म्हातारं रक्त. गोठणार नाही तर काय करील?

"किती येळ बसला व्हता?"

"चार दिस."

"पानी?"

"रातच्याला दोन घोट. गाडीत प्यालोच न्हाई. उतरावं लागलं आसतं."

"आन उतरलं तर काय झालं आसतं?"

दोन गडी बघत होते म्हणून, असं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. बायको म्हणाली, "डाक्टरीणबाई, ह्यांच्या डोस्क्याला काय सुई आसंल तर ती बी द्या."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, "माझा बाप तुमच्या संस्थेला दूध घालायचा, आबा. तुमी दरवेळी मशीन बघून म्हनायचे, पातळ हाय. तुमचं रक्त मातर लई घट्ट निघालं."

मला तो माणूस आठवला. सायकलला कॅन बांधून यायचा. त्याचं दूध पातळ नसायचं. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं आणि मशीनवर वाकून बघणाऱ्यांत मीही असायचो. डॉक्टरीणबाईनं माझ्या पोटात सुई टोचली आणि गेली. रक्त पातळ ठेवायची सुई, रोज दोनदा. टोचताना ती हात हलका ठेवायची. मला तेच जास्त टोचायचं.

निवड दुसऱ्या दिवशी होती. सकाळीच आप्पा आले. शहाळं घेऊन, सोबत चौघं. पैलवान वॉर्डाच्या दाराशी रात्रभर बसलेलाच होता.

"आबा, कसं काय? चेहरा तर टवटवीत दिसायलाय!" माझ्या नाकात नळी होती. "गाडी खाली लावलीय. अर्ध्या तासाचं काम. नुसता हात वर करायचा. हात तर चांगलाय ना?"

"हात चांगलाय."

"मग झालं! सबूद दिलाय तुमी."

शब्द दिला होता हे खरं. आजवर मी दिलेला शब्द मोडला नव्हता. बाकी माझ्याकडं फुशारकी मारायला दुसरं काही नाही. मी उठून बसलो. बायकोनं माझी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. डॉक्टरीणबाई आल्या.

"कुठं नेताय?"

"चेअरमनची निवड हाय, म्याडम. आत्ता नेतो आन आत्ता आनतो."

"ह्यांच्या पायात आजून गुठळी हाय. दुसरा तुकडा सुटला तर वाटंतच खेळ आटपंल. न्यायचंच आसंल तर लिहून द्या, की जिम्मेदारी तुमची."

"लिहून कशाला आनि?" आप्पा म्हणाले. "आमचा आबांवर इस्वास हाय."

लिहायचं म्हटल्याबरोबर बरोबरचे चौघंही खिडकीबाहेर बघायला लागले. मी आप्पांना विचारलं, "गाडीत मी कुठं बसू?"

"म्हंजे?"

"जागा कंची?"

आप्पांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "मागं बसाल की, आडवं टाकू तुमाला. पुढं मी आसतो ना."

मी परत आडवा झालो. "आप्पा, मी न्हाई येत."

"आबा, संस्थेचा सवाल हाय!"

"संस्थेत कोंबडी हाय. तिला करा चेअरमन."

शब्द मोडला. लाज वाटली नाही असं नाही. तोंड भिंतीकडं करून पडलो, आणि आप्पा जाताना शहाळं परत घेऊन गेले ते बायकोनं मला सांगितलं.

पाच-पाच मतं पडली. चिठ्ठी काढली, ती समोरच्यांची निघाली. त्यांचा चेअरमन झाला आणि त्यानं पहिल्या बैठकीत काळा चहा पाजला.

आठ दिवसांनी मी घरी आलो. तोवर गावात पक्कं झालं होतं, की आबा फुटला. त्यांच्याच गाडीतून गेला, ही तर शंभर जणांनी डोळ्यांनी बघितलेली गोष्ट. कुणी म्हणे दवाखान्यात गेलोच नव्हतो. कुणी म्हणे नळी खोटी होती. मी फुप्फुसाची फिल्म घेऊन हॉटेलात गेलो आणि उजेडाकडं धरून दाखवली, की इथं बघा, हा तुकडा. सगळ्यांनी मन लावून बघितली. एकजण म्हणाला, "पन ह्ये फुप्फुस तुमचंच हाय कशावरनं?" त्यानंतर फिल्म पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली.

गोळ्या सुरू होत्या, रोज ठरल्या वेळी. ठराविक दिवसांनी रक्त तपासायचं. अंगदुखीची गोळी दुकानातून मनानं आणायची नाही, दात काढायचा तरी आधी सांगायचं, हिरडीतून रक्त आलं किंवा शौचाला काळी झाली तर थांबायचं नाही, निघायचं. तासाभरानं उठून चालायचं, बसलो तरी घोटे हलवत राहायचं. मी गल्लीत फेऱ्या मारायला लागलो तसे लोक म्हणायचे, "फुटल्यालं संचालक चाललं." मी पाणी पीत पीत चालायचो. म्हटलं, म्हणा. चालतोय ना.

एका दुपारी चोळणारा आला, रागानं लाल होऊन.

"तू म्हनं गावभर सांगतोस, मी तुला मारीत व्हतो?"

"मी न्हाई, डाक्टरीणबाई सांगती."

"उभा जल्म चोळतोय मी. माझ्या हातनं येक मानूस मेला न्हाई बे!"

"मेला आसंल. तुला सांगाया आला नसंल."

तो तोंडाला येईल ते बोलला. मीही बोललो. पण मधेमधे मी त्याला सांगून घेतलं. मुरगळलेला पाय चोळ, पडलेल्याची कंबर चोळ, त्यात तुझ्यासारखा कोणी नाही. पण एकच पाय सुजला असेल, गरम असेल, पडणं-झडणं काही नसेल, आणि माणूस लांब गाडीत बसून आला असेल, नाहीतर ऑपरेशन, बाळंतपण, पायाचं पलस्तर असलं काही होऊन पडून असेल, तर हात लावू नको. दवाखान्यात धाड. आणि दम लागत असेल तर धाडू पण नको, उचलून ने. तो ऐकत नव्हता असं दाखवत होता. मग निघून गेला आणि महिना-दीड महिना माझ्या दारावरनं जाताना दुसऱ्या बाजूला बघायचा.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि ऊसतोडीची माणसं ट्रकनं परत आली. एके दिवशी चोळणारा माझ्या दारात उभा. हातात तेलाची बाटली, झाकण लावलेली. मागं एक बाई, लंगडत, आणि तिचा नवरा. चोळणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं नाही, चौकटीकडं बघून विचारलं, "हिचा पाय सुजलाय. चोळू का?"

"येकच?"

"येकच."

मी बाईला विचारलं, "पडली व्हतीस का गं?"

"न्हाई, आबा. दोन दिस टरकात सामानावर बसून आलो."

"दम लागतो?"

"दम तर लागतूच की. सा म्हयने ऊस तोडून आलीया मी."

"जावा दवाखान्यात. आत्ता."

नवरा घुटमळला. "आबा, तुमचं आईकून जायाचं म्हंजे... तुमी तर..."

"फुटल्यालं. म्हन की. आन जा."

गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. गुठळी वगैरे काही निघाली नाही. पोटरीत उसाच्या पाचटाची काडी काट्यासारखी मोडून बसली होती, आत पू झाला होता. डॉक्टरीणबाईनं चीर देऊन काढली आणि औषध दिलं. चोळणाऱ्यानं हे सगळ्या हॉटेलात सांगितलं, नाचून नाचून. "आबाला आता काट्यात बी गुठळी दिसायलीय!" लोक पोट धरून हसले.

मी म्हटलं, "चोळली आसतीस तर पू रगाडला आसतास. आन डाक्टरीणबाई म्हनली, धा काटे उगंच आले तरी चालत्याल, येक गुठळी घरात बसाय नगो."

"तुझी डाक्टरीणबाई!" तो म्हणाला आणि बाटली घेऊन उठला.

पण आता त्याच्याकडं कुणी पाय घेऊन आलं की तो झाकण काढायच्या आधी दोन्ही पोटऱ्यांवरनं हात फिरवून बघतो, आणि विचारतो, "येक का दोनी? कुठनं बसून आलास? दम लागतो का?" विचारताना तोंड असं करतो, जसं काही हे सगळं त्याच्याच बापजाद्यांपासून चालत आलंय. मी समोरच्या ओट्यावर घोटे हलवत बसलेला असतो. सगळं ऐकतो. काही बोलत नाही, आणि मला गप्प बसणं किती जड जातं ते फक्त बायकोला माहीत आहे.